मंगळवारची बाई

चिमीनं एका मंगळवारी केस विंचरले, आणि मास्तरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी कुठल्याही आईला आनंदच झाला असता. चिमी वर्षभर घरात बसून होती. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात तिची नोकरी होती. पगार बरा होता, साहेबही बरा होता. मग एके दिवशी ती दुपारीच घरी आली, पिशवी दाराशी टाकली, कोचावर आडवी झाली आणि म्हणाली, "आई, मी आता तिथं जाणार नाही." ना भांडण, ना तंटा. काय झालं विचारलं की म्हणायची, "काहीच झालेलं नाही. तेच तर." या 'तेच तर'चा अर्थ लावता लावता मास्तरीणबाईंचं डोकं पिकलं. त्यांनी लेकीचं रक्त तपासून आणलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. धाकट्या बहिणीच्या ओळखीनं दोन स्थळंही आणून पाहिली. चिमी सगळं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि पुन्हा कोचाशी एकजीव व्हायची. एकोणतीस वर्षांची पोर, आणि दुपारी चार वाजता विचारायची, "आज वार कोणता गं?"

आणि आता त्याच पोरीनं वार लक्षात ठेवला होता. मंगळवार. चारच्या सुमाराला ती केस विंचरून, बरा कुडता घालून बाहेर पडायची. परतायची ती डोळे लाल करून, आणि जेवायची मात्र दोन घास जास्त.

"कुठं जातेस?" मास्तरीणबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जरा बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"घरात नाही ते."

मास्तरीणबाईंनी पुढं विचारलं नाही. पण मनात म्हणाल्या, पुरुष आहे. लाल डोळे म्हणजे लग्न झालेला पुरुष आहे.

त्यांचं हे असं होतं. पंचवीस-तीस वर्षं त्या गाडी चालवायला शिकवत होत्या. शाळा नवऱ्यानं काढली होती. शाळा कसली, एक गाडी, तिच्यावर पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा बसवून घेतलेला दुसरा ब्रेक. नवरा पुरुषांना शिकवायचा, त्या बायकांना. तो गेल्यावर त्या दोघांनाही शिकवू लागल्या. मोहल्ल्यातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेले होते आणि सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणायचे. पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायच्या, "समोरचा चुकणारच असं धरून चालायचं. सायकलवाला न बघता वळणार. उभ्या गाडीचं दार अचानक उघडणार. कुणावर विश्वास टाकायचा नाही, मग अपघात होत नाही." रस्त्यावर हा नियम सोळा आणे खरा होता. त्यांनी तो घरातही लावला होता एवढंच.

पुढच्या मंगळवारी चार वाजता त्यांच्या शेजारी चाकावर एक निवृत्त ग्रंथपाल बसले होते. बासष्टाव्या वर्षी गाडी शिकायला आलेले, स्वभावानं गरीब, दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेले नव्हते. मास्तरीणबाईंनी आपल्याच घराच्या कोपऱ्यावर गाडी उभी करायला लावली. चिमी बाहेर पडली, थांब्यावर गेली आणि निळ्या बसमध्ये चढली.

"घ्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या बसच्या मागं."

"मॅडम, आपण रोज मैदानाला वळसा घालतो ना?"

"आज नवा रस्ता. मधे दोन गाड्यांचं अंतर राहू द्या."

ग्रंथपालांनी दोन्ही आरसे पाहिले, इशारा दिला, घसा साफ केला आणि गाडी काढली. बस थांबली की तेही थांबायचे. मागून भोंगे वाजायचे. "वाजवू द्या," मास्तरीणबाई म्हणायच्या. पुलाच्या उतारावर बसनं वेग घेतला, तसं ग्रंथपालांनी श्वास रोखून तिसरा गिअर टाकला. टाकला आणि तो बसलाही. त्यांचा चेहरा उजळला. "मॅडम, तिसरा," ते हळूच म्हणाले. मास्तरीणबाईंचं लक्ष बसच्या मागच्या दारावर होतं.

चिमी बाजारपेठेच्या अलीकडं उतरली आणि एका जुनाट चार मजली इमारतीत शिरली. मास्तरीणबाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली (विश्वास वेगळा, किल्ली वेगळी) आणि ग्रंथपालांना म्हणाल्या, "बसून राहा. आरशांचा अभ्यास करा."

जिन्याशी पाट्या होत्या. तळमजल्यावर औषधांचं दुकान, पहिल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर हिशेबाचे क्लास, तिसऱ्यावर 'समुपदेशन', खाली एका बाईचं नाव आणि नंबर, चौथ्यावर काहीच नाही. पहिल्या मजल्यावर त्यांनी काचेतून डोकावून पाहिलं. दात असले तर बरं, असं त्यांना फार वाटत होतं. आत एक लठ्ठ गृहस्थ गालाला हात लावून बसले होते. दुसऱ्या मजल्यावर पोरं पाढे म्हटल्यासारखी करांचे नियम म्हणत होती. तिसऱ्या मजल्याचं दार बंद होतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि आतून त्यांना चिमीचं हसू ऐकू आलं.

मोठं नव्हतं, जरासंच होतं, नाकातून आल्यासारखं. पण त्यांच्या घरात ते वर्षभर ऐकू आलं नव्हतं. मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुरुष असता तर त्यांनी दार ठोकलं असतं. इथं ठोकून काय म्हणायचं? माझी मुलगी का हसवलीस?

त्या खाली आल्या. ग्रंथपालांनी विचारलं, "आता परत पाठलाग करायचा का?"

"पाठलाग कोणी केला? रस्ता शिकवला तुम्हाला."

"हो हो," ग्रंथपाल म्हणाले. "चांगला होता रस्ता."

रात्रीची भांडी आवरली की धाकट्या बहिणीला फोन करायचा, हा त्यांचा नेम होता. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळीच केला.

"ताई, असल्या लोकांपासून जप हं," धाकटी म्हणाली. तिला जगातल्या प्रत्येक संकटाचा एक तरी नमुना माहीत असायचा. "आमच्या ऑफिसातल्या एकीची मुलगी जायची अशीच. आता आईशी बोलत नाही. सणावाराला सुद्धा फोन नाही. आधी विचारतात म्हणे, लहानपण कसं होतं. तिथूनच सुरू होतं सगळं."

मास्तरीणबाईंनी फोन ठेवला आणि चिमीचं लहानपण आठवायला बसल्या. थपडा दिल्या होत्या, पण मोजक्या. एकदा गाडी पंक्चर झाली म्हणून पोरीला शाळेच्या फाटकाशी अंधार पडेपर्यंत उभं राहावं लागलं होतं. चित्रकलेच्या क्लासाला पाठवलं नव्हतं, कारण त्या वेळी शिकाऊ लोक जास्त यायचे. एवढ्या भांडवलावर ती बाई काय उभं करील, याचा त्यांना अंदाज येईना. दुसऱ्याच्या घरातलं ऐकून घ्यायचे पैसे घेणारी बाई. फुकट ऐकणाऱ्या शेजारणी काय कमी होत्या?

मग घरात पुरावे सापडू लागले. चिमी नवी नवी वाक्यं बोलू लागली. पूर्वी तिला काही विचारलं की ती एक तर गप्प बसायची नाहीतर तोंड फिरवायची. आता म्हणाली, "आई, मला आत्ता त्याबद्दल बोलायचं नाही. उद्या बोलू." ही वाक्यं त्यांच्या घरातली नव्हती. त्यांच्या घरात 'नको' म्हणायचं तर आधी डोकं दुखावं लागायचं. आणि भयंकर गोष्ट ही, की दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी खरोखरच येऊन बसली आणि म्हणाली, "हं, काल काय विचारत होतीस?" मास्तरीणबाई इतक्या बिथरल्या की काय विचारलं होतं तेच विसरल्या.

मग ती न सांगता पहाटे उठू लागली. जुने कागद काढून त्यावर रेघोट्या मारू लागली. खोलीचं दार लावून घेऊ लागली. सुधारणा म्हणावी तर सुधारणाच होती. पण मास्तरीणबाईंना वाटायचं, ही सुधारणा आपल्याविरुद्ध चालली आहे.

शेवटी त्यांनी ठरवलं, ही बाई आहे तरी कोण ते प्रत्यक्ष पाहायचं. पाटीवरचा नंबर त्यांनी पाठ केला होताच. फोनवर त्यांनी बहिणीचं नाव सांगितलं आणि झोप येत नाही असं कारण दिलं. पलीकडून शांत आवाज आला, गुरुवारी सकाळी अकरा चालेल का. चालेल, म्हणाल्या. त्या दिवशीच्या दोन शिकाऊंना त्यांनी सांगितलं, गाडीचा क्लच गेलाय.

खोली पाहून त्यांची निराशाच झाली. काहीतरी गूढ असेल, अंधार असेल, उदबत्ती असेल, अशी त्यांची कल्पना होती. इथं दोन साध्या खुर्च्या होत्या, खिडकीत एक झाड, भिंतीवर ओलीचा डाग. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. तो पाहून मास्तरीणबाई मनात म्हणाल्या, रडवायची तयारी आधीच करून ठेवली आहे. घड्याळ त्यांच्या खुर्चीच्या मागं लावलं होतं, म्हणजे ते फक्त त्या बाईला दिसावं. हेही त्यांनी टिपून घेतलं.

ती बाई चाळिशीची असेल. सर्दीनं हैराण झालेली. "माफ करा, नाक गळतंय," म्हणत तिनं त्या डब्यातला पहिला रुमाल स्वतःच घेतला.

"झोप येत नाही म्हणालात," ती म्हणाली.

"हो. काळजीनं." मास्तरीणबाईंनी घरून जुळवून आणलेली गोष्ट सांगायला घेतली. त्यांना एक मुलगा आहे. चांगली नोकरी होती, ती सोडली. घरात बसून असतो. "आणि आता कुणीतरी त्याला आमच्याविरुद्ध भरवतंय."

"कोण?"

"आहे एक. बाहेरची. तुमच्याकडं असे लोक येतात का हो? घरात बसलेले? त्यांना तुम्ही काय सांगता? घर सोडा म्हणता?"

मास्तरीणबाई बोलताना डाव्या हाताची बोटं मांडीवर वाजवत होत्या, तिकडं त्या बाईची नजर गेली आणि परत आली. "इतरांशी मी काय बोलते ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल सांगा. मुलगा घरी बसल्यापासून तुमचं कसं चाललंय?"

"माझं काय चालायचंय? माझं ठीक आहे."

"झोप येत नाही म्हणालात."

मास्तरीणबाई अडकल्या. शिकाऊ माणूस चढावर गाडी बंद पाडतो आणि मग मागचा जो भोंगा वाजवतो, त्याच्यावरच चिडतो. तशा त्या चिडल्या. "हे बघा, आडून आडून नको. मंगळवारी संध्याकाळी तुमच्याकडं येते ती माझी मुलगी. काय सांगते ती तुम्हाला माझ्याबद्दल?"

आता ही बाई दचकेल, सारवासारव करील, अशी त्यांची अपेक्षा होती. तिनं फक्त हातातला रुमाल टोपलीत टाकला.

"माझ्याकडं कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही," ती म्हणाली. "उद्या कुणी येऊन तुमच्याबद्दल विचारलं, तर त्यालाही मी हेच सांगेन."

"माझ्या मुलीनं विचारलं तरी?"

"कुणीही."

"म्हणजे मी आज आले होते, हे तुम्ही तिला सांगणार नाही?"

"मी कुणालाच काही सांगणार नाही. पण एक आहे. तुमच्या घरातलं कुणी माझ्याकडं येतं असं समजून तुम्ही आला असाल, तर तुमच्यासोबत मला काम करता येणार नाही. ते कुणाच्याच भल्याचं नाही. आजचे पैसे मी घेणार नाही. तुम्हाला स्वतःसाठी बोलावंसं वाटलं, तर मी दुसऱ्या कुणाचं तरी नाव देऊ शकते."

"मला कशाला?" मास्तरीणबाई उठल्या. "मला काही झालेलं नाही."

ती बाईही उठली, दारापर्यंत आली. ताकास तूर लागू दिली नव्हती तिनं. जिना उतरताना मास्तरीणबाईंनी स्वतःलाच सांगितलं, पक्की आहे. शब्दात सापडत नाही. पण संध्याकाळपर्यंत चिमीच्या कानावर घातल्याशिवाय राहायची नाही. बायकांच्या पोटात काही राहतं होय?

त्या संध्याकाळी त्यांनी चिमीच्या चेहऱ्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. काही नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मंगळवार उजाडला. चिमी गेली, आली, हात धुतले, ताट वाढून घेतलं. मास्तरीणबाई घासागणिक वाट पाहत होत्या. चिमी म्हणाली, "भात छान झालाय." त्यातही त्यांना काहीतरी दडलेलं वाटलं. पण पुढच्या मंगळवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. त्या बाईनं तोंड उघडलं नव्हतं.

मास्तरीणबाईंना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. संशयाला लटकायला खुंटी मिळाली नाही, की तो माणसाच्याच गळ्यात पडतो. आता चोरी त्यांची होती. पाठलाग त्यांनी केला होता, बहिणीचं नाव त्यांनी लावलं होतं, नसलेला मुलगा त्यांनी जन्माला घातला होता, आणि यातलं बरंचसं ओळखून असलेली ती बाई दर मंगळवारी त्यांच्या लेकीसमोर बसून मूग गिळून होती. क्लच गेल्याचं सांगितलं होतं, तर आठवड्यानं तो खरंच गेला.

मग एका रविवारी चिमीनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, मी खोली बघितलीय. भाड्यानं. अर्ध्या दिवसाचं काम मिळालंय, एका सुताराच्या कारखान्यात. कपाटांचे, ओट्यांचे नकाशे काढायचे. तिथून जवळ पडेल."

मास्तरीणबाईंना वाटलं, आलं. धाकटी म्हणाली होती तेच आलं. "तिनंच शिकवलं ना हे?"

"कुणी?"

"त्या मंगळवारच्या बाईनं."

शब्द तोंडातून गेला होता आणि आता कुठलाही ब्रेक दाबून उपयोग नव्हता. चिमीनं आईकडं पाहिलं. "तुला कसं माहीत?"

मास्तरीणबाईंनी सांगितलं. आधी बस सांगितली. मग जिना सांगितला. मग, आता लपवून काय करायचं म्हणून, गुरुवार सांगितला, मावशीचं नाव सांगितलं, मुलगाही सांगितला. सांगताना त्या लेकीकडं न बघता कपाच्या कानाकडं बघत होत्या.

"तू आत जाऊन बसलीस?" चिमीचा आवाज चढला नव्हता. तो खाली गेला होता, ते जास्त वाईट होतं. "त्याच खुर्चीत?"

"मला भीती वाटली गं. घरातलं सगळं तू परक्या बाईला सांगतेस. माझ्याबद्दल काय काय सांगत असशील..."

"तुझ्याबद्दल?" चिमी म्हणाली. "आई, इतक्या महिन्यांत तुझा विषय दोनदा निघाला असेल. एकदा तुझा वाढदिवस होता म्हणून."

मास्तरीणबाईंनी मान वर केली. लेकीनं आपल्याला खलनायिका केलंय, हे ऐकायची त्यांनी तयारी केली होती. उत्तरंही तयार होती, पंक्चरचं, चित्रकलेचं. दोनदा, याला उत्तर नव्हतं.

"मग बोलता काय तुम्ही?"

"ते माझं आहे." मग चिमी जरा मऊ आवाजात म्हणाली, "ऑफिसात एक दिवस मी एक जिना काढत होते. काढता काढता मला कळेना, यावरून कोण चढणार आहे. कुणीतरी चढणारच असेल की. पण मला ते खरंच वाटेना. मग कुठलीच गोष्ट खरी वाटेना. हे मी तुला सांगितलं असतं, तर तू मला पुन्हा रक्त तपासायला नेलं असतंस."

नेलं असतं, हे खरं होतं.

"आणि खोली घ्यायचं माझं मला सुचलं. तिला सांगितलं तर ती म्हणाली, घाई आहे का. मी म्हटलं, आहे." चिमीनं दोन्ही कप उचलले. "तू मला विचारायला हवं होतंस, आई."

"विचारलं होतं. 'घरात नाही ते' म्हणालीस."

यावर चिमीच्या ओठांचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. महिना संपायच्या आत तिनं सामान नेलं. पहिले काही दिवस ती फोन उचलायची नाही. 'कामात आहे, बरी आहे' एवढाच निरोप पाठवायची.

चिमी गेल्यावर घर मोठं झालं असं मास्तरीणबाईंना वाटलं नाही. घरात त्या फारशा नसायच्याच. शेवटचा शिकाऊ सोडला की त्या गाडी इमारतीखाली लावायच्या आणि आतच बसून राहायच्या. किल्ली हातात, दिवा बंद. वर जायचं असतं हे माहीत असायचं, पण पाय उचलायचे नाहीत. एकदा तळमजल्यावरच्या शेजारणीनं काचेवर टकटक केली. "गाडी बिघडली का हो?" "नाही, जरा आवाज ऐकतेय इंजिनचा," त्या म्हणाल्या. इंजिन केव्हाच बंद होतं. शेजारीण निघून गेली आणि मास्तरीणबाईंना प्रश्न पडला, हे असं आपण कधीपासून बसतोय. चिमी गेल्यापासून म्हणावं, तर चिमी घरात होती तेव्हाही त्या बसायच्या. ती नोकरीला जायची, तेव्हाही.

त्यांनी त्या बाईला फोन केला. या वेळी स्वतःचं नाव सांगितलं. "दुसऱ्या कुणाचं तरी नाव देणार होता," एवढंच म्हणाल्या. तिनंही काही न विचारता एक नाव आणि नंबर दिला.

धाकटीला कळलं तेव्हा ती हबकली. "ताई, तू? तुला काय झालंय?"

"काही नाही झालेलं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि क्षणभर थांबल्या. असंच कुणीतरी आधी बोललं होतं. "तेच सांगायला जातेय."

हा दुसरा माणूस म्हातारा होता, एका कानानं कमी ऐकणारा. तो नेहमी चांगला कान पुढं करून बसायचा, त्यामुळं मास्तरीणबाईंना तो आपलं चोरून ऐकतोय असं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं, "माझा तुमच्यावर विश्वास नाही."

"बरं," तो म्हणाला.

"या सगळ्या प्रकारावरच नाही."

"चालेल. विश्वास नसताना काय सांगता येईल तेवढं सांगा."

हे त्यांना जरा वाजवी वाटलं. मग त्यांनी गाडीत बसून राहण्याचं सांगितलं. त्यावर त्यानं विचारलं, घरी वाट पाहणारं पूर्वी कोण असायचं. त्या म्हणाल्या, कोणी नाही, आम्ही दोघं बरोबरच यायचो. आणि मग त्यांना न विचारता, न ठरवता, नवरा गेल्यानंतरचा तिसरा दिवस आठवला. एका शिकाऊची परीक्षा होती. बोलावलं कुणीच नव्हतं, उलट त्यानं निरोप पाठवला होता की येऊ नका. तरी त्या गेल्या. गाडीत नवऱ्याची टोपी मागच्या काचेशी पडलेली होती, ती त्यांनी सीटखाली सरकवली आणि म्हणाल्या, चला, आरसे बघा. त्या दिवसापासून त्या थांबल्या नव्हत्या. रोज तोच मैदानाचा वळसा, तोच पूल, तोच चढ. लोक म्हणायचे, केवढी खंबीर बाई. खंबीर म्हणजे काय, हे त्यांना एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी स्वतःही विचारलं नव्हतं.

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. त्यांना फक्त भयंकर तहान लागली. म्हाताऱ्यानं पाणी दिलं. दोन पेले पाणी पिऊन त्या उठल्या, खाली येऊन गाडीत बसल्या आणि सरळ पुढच्या शिकाऊच्या दारात गेल्या. रात्री झोप लागली. त्यावरही त्यांना शंका आली, पाण्यात काही होतं का. पण पंधरा दिवसांनी त्या पुन्हा गेल्या.

तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी चिमीला फोनवर स्वतःहून सांगितलं.

"खरंच जातेस?"

"हो."

"मावशीनं पाठवलं?"

"मावशी घाबरलीय. तिला वाटतं आता मीही तिच्याशी बोलायची बंद होणार."

चिमी हसली. मग म्हणाली, "उद्या ये ना. खोली तरी बघ."

खोली कारखान्याच्या मागच्या गल्लीत होती, चौथ्या मजल्यावर. लाकडाच्या भुशाचा वास वरपर्यंत येत होता. एक पलंग, एक उंच टेबल, टेबलावर कुणाच्या तरी कपाटाचा अर्धवट नकाशा. मास्तरीणबाईंना चार गोष्टी खटकल्या. खिडकीला गज नव्हते, शेगडी दाराच्या फार जवळ होती, पलंग डुगडुगत होता, आणि चिमी वाळली होती. त्यातल्या दोन त्या बोलल्या, दोन गिळल्या. चिमीनं शेगडीचं ऐकून घेतलं, खिडकीचं नाही.

चहा करायला चिमी वळली, तेव्हा त्यांना मोरीत दोन कप दिसले. दोन्ही उष्टे. एकटीच राहते म्हणाली होती. मास्तरीणबाईंची नजर पलंगाखाली गेली, दारामागं गेली, खुंटीवर गेली. खुंटीवर चिमीचेच दोन कुडते होते. पूर्वी त्या आणखी दोन मंगळवार थांबल्या असत्या, आणखी एक बस गाठली असती.

"दुसरा कप कुणाचा?" त्यांनी विचारलं.

चिमीनं मागं वळून पाहिलं. "माझाच. सकाळचा. धुवायचा कंटाळा केला."

मास्तरीणबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग त्या उठल्या, बाह्या मागं सारल्या, दोन्ही कप विसळले आणि ओट्यावर पालथे ठेवले. कप चिमीचेच असतील, असं त्यांनी धरून चालायचं ठरवलं. अगदी पुरतं नाही, पण बरंचसं.